खूण दिसत नाही म्हणून नवी काढायची?

‘गाडीचं टायमिंग चुकीचं दाखवतंय? मेकॅनिक कधीच सांगणार नाही अशा पाच युक्त्या’ हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला आणि तिन्ही वेळा मी सोडून दिला. (टायमिंग म्हणजे पिस्टन वर येत असताना प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते.) चौथ्यांदा तो कोल्हापूरच्या मामांकडून आला, तोही सगळं करून झाल्यावर. मामांची अ‍ॅम्बॅसिडर, मार्क ४, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. आंबा घाटात तिने कधी कुरकुर केली नव्हती. आता चढाला डब्यात खिळे हलवावेत तशी वाजते. “अरे, पण गनवर टायमिंग बरोब्बर दाखवतंय,” मामा म्हणाले.

दाखवणारच! (गन म्हणजे ठिणगी पडते त्याच क्षणी चमकणारा दिवा. त्या उजेडात इंजिनाच्या पुलीवरची खूण शेजारच्या काट्यासमोर थांबल्यासारखी दिसते.) युक्ती क्रमांक चार अशी आहे : पुलीवरची खूण दिसत नसेल तर इंजिन सगळ्यात जोरात पळेपर्यंत डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) फिरवा, मग टायमिंग गनच्या उजेडात काट्यासमोर पुलीचा जो भाग दिसेल तिथे रंगाने नवी खूण करा. मामांनी मामींच्या नेलपॉलिशने केली. पोराने आपला पेपर आपणच तपासला तर पैकीच्या पैकी मार्क मिळणारच की. ती खूण इंजिनबद्दल काहीही सांगत नाही, त्या दिवशी मामांनी डिस्ट्रिब्युटर कुठे सोडला एवढंच सांगते.

पुलीवरची खाच म्हणजे एक नंबरचा पिस्टन सगळ्यात वर, म्हणजे टीडीसीला, कधी असतो याची नोंद. ती अंदाजाने ठरत नाही. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून ‘आला वर’ म्हणणंही कामाचं नाही. या इंजिनाचा स्ट्रोक जवळपास ८९ मिमी आहे, तरी टीडीसीच्या आधी ५ अंशांवर पिस्टन पाव मिलिमीटरसुद्धा खाली नसतो. हाताला काय कळणार? चारही प्लग काढा. जुन्या प्लगचं पोर्सेलीन फोडून त्यात बोल्ट बसवा आणि तो एक नंबरच्या भोकात लावा, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी अडेल. इंजिन हँडलने हळू फिरवा, स्टार्टर मारू नका. अडलं की काट्यासमोर पुलीवर खडूची रेघ. मग उलट दिशेने, पुन्हा रेघ. (हँडल उलटं धरत नाही, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागे ढकला.) दोन रेघांच्या बरोबर मध्ये टीडीसी. अर्ध्या तासाचं काम आहे.

मेसेजमधली आणखी एक युक्ती कानाने टायमिंग लावायची. इथे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. जुने मिस्त्री कानानेच लावायचे आणि चांगलं लावायचे. पण ते गाडी चढावर नेऊन, टॉप गिअरमध्ये दाबून ऐकायचे. नॉकिंग, म्हणजे तोच खिळ्यांचा आवाज, आलं की थोडं मागे घ्यायचे. गॅरेजात उभ्या गाडीवर नाही. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण कमी असतं, ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी जितकी लवकर तितकं इंजिन खूश. घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मिश्रण दाटून भरतं, भरभर जळतं, आणि तीच ठिणगी फार लवकरची होते. पिस्टन वर येतोय आणि वरून दाब बसतोय. असं महिनोन्‌महिने चाललं तर पिस्टनला भोक पडतं. हे फॉरवर्ड करणाऱ्याने ते बिल भरावं.

पुढची युक्ती : ‘खूण नाचत असेल तर बॅटरी बदला.’ कशाला? गन दुसऱ्या बॅटरीवर लावून बघा; काही गन खरोखरच गाडीच्या वायरिंगमुळे बिचकतात. तरीही नाचली तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने हलवा. बुश झिजला असेल तर पॉइंटचा (ठिणगीसाठी आत उघडझाप करणाऱ्या टोकांचा) गॅप दर फेऱ्याला बदलतो आणि गॅपबरोबर टायमिंगही. लुकासच्या या डिस्ट्रिब्युटरला मॅन्युअलमध्ये ०.०१४ ते ०.०१६ इंच गॅप दिलाय. तो आधी लावायचा, टायमिंग नंतर. मेसेजमध्ये गॅपचा ग सुद्धा नाही. आणखी एक : या इंजिनात १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकदमच वर येतात, म्हणून गनची क्लिप चार नंबरच्या वायरला लावली तरी रीडिंग तेच यायला हवं. वेगळं आलं तर दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये शोधा.

डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे करणारी) लावूनच रीडिंग घ्या म्हणे. नाही. काढा, तोंड बंद करा, आयडल मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. आयडल जास्त असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं आधीच उघडलेली असतात आणि रीडिंग उगाच पुढचं येतं. गनवर टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोकचं बटण असेल तर ते फोर-स्ट्रोकवर आहे ना तेही बघा.

पाचवी युक्ती पेट्रोलमध्ये रॉकेल घालायची आहे. त्यावर मी शाई खर्च करत नाही.

रविवारी गेलो. आधी तारेचा ब्रश आणि रॉकेल घेऊन पुली घासली (रॉकेलचा उपयोग इथे). ग्रीसच्या थराखाली मूळ खाच जशीच्या तशी होती. खडूच्या दोन रेघांचा मध्य तिच्यावरच आला. नेलपॉलिश तिथून करंगळीच्या रुंदीएवढी लांब. मामांनी चष्मा वर करून दोन्ही खुणा पाहिल्या आणि म्हणाले, “मग ग्रुपवर चाळीस जणांनी अंगठे कशाला दिलेत?”