कॅनडाच्या फॉर्मात रवळनाथ

पहाटे साडेपाचला फोन वाजला की मी आधी गावाकडचे म्हातारे मोजतो. सगळे जागेवर होते. फोन टोरंटोहून भाच्याचा होता.

"मामा, आपला धर्म काय लिहू?"

ही 2021 ची गोष्ट. तिकडच्या जनगणनेत दर दहा वर्षांनी धर्म विचारतात, तोही चारातल्या एका घराला. नेमकं ताईचंच घर निघालं.

"हिंदू लिही आणि झोप."

"पण मी काहीच पाळत नाही."

फॉर्मात म्हणे सूचनाच होती, पाळत नसलात तरी लिहा. ही सूचना लिहिणारा नक्की लालबागचा असणार. (पुढे आकडे आले तेव्हा 34.6 टक्के लोकांनी कुठलाच धर्म नाही म्हणून सांगितलेलं. त्यांना मामा नसावेत.)

एवढ्यावर थांबला असता तर तो भाचा कसला! "पंथही लिहायचाय. आपण शैव की वैष्णव?"

माझी झोप उडाली. आमच्या घरात पंथ दोनच, सोमवारी मासे खाणारे आणि न खाणारे.

आजोबा बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि परळच्या गिरणीत लागले. त्यांना धर्म कुणी विचारलाच नाही. गाव विचारायचे, गावावरून देव कळायचा. गावकऱ्यांच्या खोलीत वीस जण पाळ्या लावून झोपत. ऐसपैस एकटा रवळनाथ, भिंतीवरच्या फोटोत. 1982 च्या संपात बाबांची गिरणी गेली, तेव्हा त्या फोटोशेजारी साईबाबा आले, स्वामी समर्थ आले, मंगळवारची सिद्धिविनायकाची रांग लागली. पगार बंद, देवांची भरती चालू. माझ्या वाट्याला आलं भिंतीवरचं कॅलेंडर. संकष्टी कधी ते त्यातच बघायचं, आणि चंद्रोदय किती वाजता तेही, कारण समोरच्या टॉवरमुळे चंद्र आमच्याकडे उशिरा पोचतो.

शेवटी गावी काकांना फोन लावला. मानकरी माणूस, सगळं ठाऊक. शैव-वैष्णव, कॅनडा, फॉर्म, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाचो ना तो तुझो? मगे तेचो देव बापाशीकडचो. तुका कित्याक इचारता?"

खरंच की! दाजी साताऱ्याकडचे. दोन तास मी भलत्याच घराण्याचा देव शोधत होतो.

फोन ठेवणार, तेवढ्यात काका म्हणाले, "आणि तुमची दोन वर्षांची वर्गणी रवली हा, ती धाड."

"हो, काका."

"भाच्याची पण धाडलंस तर चलात."