दगड वाहून गेले की जागीच बसले?

समुद्रकिनाऱ्यावरच्या बंधाऱ्यात दगडांखाली खडी आणि कापडाचे थर हवेत, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर कोकणातल्या एका वाचकांनी लिहिले आहे : ‘सोलापुरात बसून समुद्रावर लिहू नका. आमचा धूपप्रतिबंधक बंधारा दोन पावसाळ्यांत खचला, कारण दगड लहान होते. खाली खडीचे थर आणि कापड घालायला सांगणे म्हणजे ठेकेदाराचे बिल वाढवणे.’

दादा, घर तुमचे किनाऱ्यावर आहे, तुमचा संताप मी समजू शकतो. आमच्या उजनी धरणाला भरती-ओहोटी नाही, खोल समुद्रातून येणाऱ्या लांब लाटाही नाहीत, हेही खरे. पण पावसाळी वारा पश्चिमेकडून धरणाच्या दिशेने वाहतो तेव्हा एवढ्या पसरलेल्या पाण्यावर चांगल्या लाटा उठतात. मातीच्या भरावाच्या उतारावर दगड रचून दगडी पिचिंग करतात ते त्यासाठीच. आणि त्या पिचिंगखाली वाळू-खडीचा थर असतोच.

दगडाच्या आकाराबद्दल तुमचे म्हणणे योग्य आहे. लाटेच्या उंचीवरून दगडाचे वजन काढायच्या हडसनच्या सूत्रानुसार लाटेची उंची दुप्पट झाली की दगडाचे वजन आठपट लागते. जिथे एक टनाचा दगड पुरत होता तिथे आठ टनांचा हवा. शिवाय पाण्यात काळ्या दगडाचे वजन एक तृतीयांशाहून जास्त घटते. जांभा तर मुळातच हलका, त्याचे नाव काढू नये.

पण दगड जितका मोठा, तितक्या फटीही मोठ्या. लाट आदळून मागे फिरते तेव्हा आत शिरलेले पाणी त्या फटींतून जोराने बाहेर पडते आणि खालची वाळू सोबत ओढून नेते. दर लाटेला थोडी थोडी. वरून काहीच दिसत नाही. म्हणून मधला थर लागतो : वरच्या दगडाच्या साधारण एक दशांश वजनाचे दगड, त्याखाली खडी, तळाशी जिओटेक्स्टाइल, म्हणजे तुम्ही म्हणता ते कापड. पाणी जावे, वाळू राहावी, एवढेच त्याचे काम. बिल यासाठी वाढत असेल तर वाढू द्या. हा थर गाळून वाचवलेला पैसा पुढच्या डागडुजीत जातो, आणि तोही गावाचाच असतो.

आता तुमचा बंधारा. दगड लहान असते तर लाटांनी ते उचलून पुळणीवर विखुरले असते. तुम्ही ‘खचला’ लिहिले आहे. दगड एकमेकांजवळच असतील आणि फक्त माथा खाली गेला असेल, तर खालची वाळू गेली किंवा पायथा उकरला गेला. ओहोटीला जाऊन एवढे बघा. तसे असेल तर वर आणखी दगड ओतू देऊ नका. आहेत ते उचलून, थर घालून, पायथा खोल घेऊन पुन्हा रचायला लावा.