सोनं-चांदी शुद्ध करायला स्वतः शिकण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि उत्तर द्यायला मुद्दाम चार दिवस घेतले. लगेच लिहायला बसलो असतो तर नुसती माझी बाजू लढवत राहिलो असतो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मौल्यवान धातूंच्या शुद्धीकरणाचं रसायनशास्त्र आपलं आपण शिकता येतं, असं मी लिहिलं ते तुम्हाला बेजबाबदार वाटतं. तुम्ही रसायनशास्त्र शिकवता आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनाही अम्लराजाला (सोनं विरघळवणारं हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण) एकट्याने हात लावू देत नाही. वाचून कुणी पोहायला शिकत नाही, असं तुम्ही म्हणता. स्वतः शिकलेला म्हणून मी दिलेला रसायनशास्त्रज्ञ वोलॅस्टनचा दाखला फसवा आहे, माझा ‘९९.९ टक्के’ शुद्धतेचा दावा तपासलेला नाही, आणि सोनं काढल्यावर उरलेल्या हिरव्या पाण्याचं काय करतो याबद्दल लेखात चकार शब्द नाही. म्हणून लेख काढून टाका.

आधी तुमचं बरोबर आहे ते. मी लिहिलं होतं, ‘तांबूस धूर दिसला किंवा वास आला की बाजूला व्हा.’ हे वाक्य चूक होतं, ते मी काढलंय. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळत नाही, त्यामुळे अमोनियासारखा नाकातच झोंबून माणसाला पळवून लावत नाही. तो खोल आत जातो. थोडा खोकला येतो, थांबतो, माणूस जेवून झोपतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. बरं वाटतंय म्हणजे धोका टळला, असं इथे धरून चालताच येत नाही. धुळीचा मास्क या वायूला अडवत नाही. खिडकी उघडी आहे, पंखा चालू आहे, हेही पुरेसं नाही. धूर ओढून नेणारा फ्यूम हूड नसेल तर नायट्रिक आम्लाची बाटली उघडायचीच नाही, आणि श्वासात धूर गेलाच तर काही होत नसलं तरी रुग्णालयात जायचं, वायूचं नाव सांगायचं, देखरेखीखाली थांबायचं. हे आता लेखात सगळ्यात वर आहे. तुम्ही बोट ठेवलं नसतं तर ते चुकीचं वाक्य तसंच राहिलं असतं, आणि त्याचा विचार करून मला खरंच अस्वस्थ व्हायला झालं.

पण लेख काढणार नाही. का ते सांगतो.

या विषयाच्या कृती सगळीकडे पडल्या आहेत. हायड्रोक्लोरिक तीन भाग, नायट्रिक एक भाग, त्यात तुकडे टाका, विरघळले की पांढरी पूड टाका, सोनं खाली बसेल. ही कृती खोटी नाही. तिच्यात फक्त कारण कुठेच नाही, आणि इजा होते ती बहुतेक कारण ठाऊक नसल्यामुळे. मी जे शिका म्हणतो ते हे कारण.

तीनास एक हेच प्रमाण घ्या. नायट्रिक आम्ल सोन्याचा अगदी किंचित अंश आयनात बदलतं आणि तिथेच अडतं. हायड्रोक्लोरिकमधले क्लोराइड त्या आयनांना पकडून बांधून ठेवतात, म्हणून पुढचं सोनं सुटायला वाव मिळतो. एकट्या आम्लाने काम होत नाही ते यामुळे. आता हिशेब करा. सोन्याचा अणुभार १९७. नायट्रिकचं रूपांतर नायट्रिक ऑक्साइडमध्ये होतं असं धरलं तर १९७ ग्रॅम सोन्याला ६३ ग्रॅम नायट्रिक लागतं. तीव्र नायट्रिकच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १ ग्रॅम शुद्ध आम्ल असतं. म्हणजे १ ग्रॅम सोन्याला जेमतेम एक तृतीयांश मिलिलिटर. क्रिया नायट्रोजन डायऑक्साइडच्या वाटेने गेली तर तिप्पट, म्हणजे सुमारे १ मिलिलिटर. कृती वाचणारा माणूस मात्र आधीच मिसळलेलं भांडंभर आम्ल ओततो.

जास्तीचं नायट्रिक पुढे दोन प्रकारे अंगाशी येतं. ते उडवून लावायला भांडं तापवत बसावं लागतं, म्हणजे वर सांगितलेला धूर अधिक. आणि ते तसंच राहिलं तर मेटाबायसल्फाइट (तीच पांढरी पूड) किंवा हिराकस टाकल्यावर सोनं बसतच नाही. टाकलेली पूड आधी नायट्रिकशी लढण्यात संपते आणि बसलेलं सोनंही पुन्हा विरघळतं. मग माणूस मूठमूठभर पूड टाकत राहतो, सल्फर डायऑक्साइडने खोली भरते, आणि शेवटी ‘यात सोनं नव्हतंच’ म्हणून सगळं ओतून देतो. हिशेब येणारा माणूस नायट्रिक थेंबाथेंबाने घालतो, क्रिया थांबेपर्यंत वाट बघतो, आणि उरलंसुरलं सल्फॅमिक आम्लाने संपवतो. त्याच्या भांड्यातून धूरही कमी निघतो. त्याची सुरक्षितता आणि त्याचं ज्ञान मला वेगळं करता येत नाही, म्हणून मी शिका म्हणतो.

कथिलाचं उदाहरण तर माझ्याच हातचं आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या इलेक्ट्रॉनिक पिना नायट्रिकमध्ये टाकल्या होत्या. तांबं जाईल, सोन्याचे पापुद्रे उरतील, अशी अपेक्षा. तांबं गेलं, पाणी निळं झालं, पण तळाशी पातळ खिरीसारखा पांढुरका चिकट साका बसला आणि पापुद्रे त्यातच अडकले. गाळणकागदावर ओतलं तर तासाभरात दहा थेंब खाली आले. पिनांना डाख (सोल्डर) लागलेला होता. डाखात कथील असतं, आणि कथील नायट्रिकमध्ये चांदी-तांब्यासारखं विरघळून जात नाही. त्याचा हा साका होतो. डाख आधी हायड्रोक्लोरिकने काढला असता तर हे घडलंच नसतं. मी त्या दिवशी भांडं झाकून बाजूला ठेवलं आणि आठवडाभर कथिलाबद्दल वाचलं. त्या आठवड्यात जे कळलं ते कुठल्याही कृतीत लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

याहून वाईट म्हणजे रिलेमधल्या (विजेच्या स्वयंचलित स्विचमधल्या) चांदीच्या टिकल्या. दिसायला निव्वळ चांदी. त्यांपैकी कित्येकांमध्ये कॅडमियम ऑक्साइड मिसळलेलं असतं. ‘चांदीच आहे, गाळून टाकू’ म्हणून मुशीत घातल्या की कॅडमियमचा धूर निघतो, आणि तोही नायट्रोजन डायऑक्साइडसारखाच काही तासांनी फुप्फुसांवर उठतो. आपण काय वितळवतोय हे आधी शोधायचं असतं, हे ज्याला कुणी शिकवलंच नाही त्याला लेख काढून टाकल्याने काय मदत होणार?

पोहण्याबद्दल. तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण स्वतः शिकणं आणि एकट्याने करणं यांत मी फरक करतो. तो लेखात पुरेसा स्पष्ट नव्हता, ही माझी चूक. माझं सोन्याशिवायचं पहिलं वर्ष मोरचूद आणि लोखंडी खिळ्यावर गेलं. मोरचुदाच्या पाण्यात खिळा टाकला की तो लाल पडतो, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण खिळा आधी वजन करून, नंतर वजन करून, बसलेलं तांबं धुऊन वाळवून त्याचंही वजन करून बघा. ५५.८ ग्रॅम लोखंडामागे ६३.५ ग्रॅम तांबं मिळायला हवं. मला पहिल्या वेळी जास्तच मिळालं, कारण पूड ओली होती. दुसऱ्या वेळी कमी, कारण निवळ ओतताना बारीक कण गेले. निवळ कशी ओतायची, किती वेळा धुवायचं, वाळलं हे कशावरून ओळखायचं, हे सगळं तिथे शिकलो, आणि चुकलो तेव्हा थोडं तांबं गेलं, बाकी काही नाही. अम्लराज मी पहिल्यांदा केलं ते एका प्रयोगशाळेत, या कामात मुरलेला माणूस शेजारी उभा असताना. तोवर प्रत्येक पायरीला कुठला धातू कुठे असेल हे मला कागदावर लिहून दाखवता येत होतं. त्यांनी आधी तो कागद तपासला, मग हातमोजे दिले.

आणि माझ्या मते ज्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा, ती स्टॅनस क्लोराइडची चाचणी. पांढऱ्या कागदावर द्रावणाचा एक थेंब, त्यावर स्टॅनस क्लोराइडचा एक थेंब. सोनं असेल तर जांभळा डाग उमटतो, भरपूर असेल तर जवळजवळ काळा. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा. सतराव्या शतकापासून तो कॅसियसच्या नावाने ओळखला जातो, आणि तो नेमका काय आहे याचा छडा लावणाऱ्या रिचर्ड झिग्मॉन्डी यांना कलिल द्रावणांवरच्या कामासाठी १९२५ चं नोबेल मिळालं.

पण इथे एक मेख आहे. स्टॅनस क्लोराइड हवेने बिघडतं. बाटली तीच दिसते, पाणी तसंच नितळ, पण डाग उमटत नाही. म्हणून दरवेळी आधी सोनं नक्की असलेल्या द्रावणाच्या थेंबावर ते तपासायचं, तिथे जांभळं झालं तरच पुढच्या थेंबाचं उत्तर खरं मानायचं. शिवाय द्रावणात नायट्रिक जास्त असेल तर डाग उमटून डोळ्यांदेखत विरून जातो. जो नेमका त्या क्षणी बघत नाही त्याला सोनं नाही असंच वाटतं. ‘सोनं हरवलं’ म्हणून मला विचारणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच करतो, की चाचणीचीच चाचणी घेतली होती का. तुमच्या विद्यार्थ्यांना तुम्ही हेच वेगळ्या शब्दांत शिकवत असाल. मग ते प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाने शिकू नये असं का?

वोलॅस्टनबद्दल तुमचा आक्षेप अर्धा मान्य. तो केंब्रिजमध्ये वैद्यक शिकलेला होता, त्याला स्वयंशिक्षित म्हणणं ताणलेलं होतं; ते वाक्य काढलं. पण त्याचं नाव ठेवलंय, वेगळ्या कारणासाठी. प्लॅटिनमचं खनिज अम्लराजात विरघळवून नवसागराने प्लॅटिनम खाली बसवल्यावर जे पाणी उरलं, ते त्याने फेकलं नाही. त्या उरलेल्या पाण्यातून १८०२ मध्ये पॅलेडियम आणि १८०४ मध्ये ऱ्होडियम हाती आलं. अम्लराजात न विरघळलेली काळी भुकटी त्याचा सहकारी टेनंट याने घेतली आणि त्यातून ऑस्मियम आणि इरिडियम सापडले. नवशिक्याने त्याच्याकडून उचलायची गोष्ट ही: चाचणी होईपर्यंत काहीही ओतायचं नाही, आणि सगळं टिपून ठेवायचं.

शुद्धतेचा तुमचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. मी एका तुकड्याचा नमुना फायर अ‍ॅसेला (भट्टीत वितळवून सोन्याचं प्रमाण मोजण्याच्या तपासणीला) दिला होता आणि तो आकडा सगळ्यांना लावला. तसं करायला नको होतं. घनता मोजून शुद्धता कळते असंही खाली एका वाचकाने सुचवलंय, त्याचंही उत्तर इथेच देतो. २ ग्रॅमचा शुद्ध सोन्याचा मणी पाण्यात बुडवला तर सुमारे ०.१०४ ग्रॅम पाणी बाजूला सारतो. तेवढ्याच वजनाचा २२ कॅरटचा मणी साधारण ०.११३ ग्रॅम. फरक ०.००९ ग्रॅमचा, आणि बहुतेकांच्या काट्याची सगळ्यात बारीक खूण ०.०१ ग्रॅमची. म्हणजे त्या काट्याला बावनकशी आणि २२ कॅरट यांतला फरक दिसतच नाही. आता लेखात आकडा काढून ‘एका नमुन्याची तपासणी केली, बाकीचे तपासलेले नाहीत’ एवढंच लिहिलंय.

काही गोष्टी मी मुळातच लिहिणार नाही, हेही सांगतो. प्लॅटिनमचे क्लोराइड क्षार श्वासात गेले तर दम्यासारखी ॲलर्जी जडते आणि एकदा जडली की अगदी थोड्याशा संपर्कानेही उफाळते. तो विषय मी घेणार नाही. काही कृतींमध्ये सोन्याची पूड अमोनियाने धुवायला सांगतात. त्यात सोन्याचा क्षार उरला असेल तर त्यापासून होणारा पदार्थ वाळल्यावर नुसत्या घासण्याने स्फोट करतो. चांदीची अमोनियायुक्त द्रावणं साठवून ठेवली तरी तोच प्रकार. ‘अमोनिया टाळा’ एवढंच लिहून मी मोकळा झालो होतो. आता कारणासकट लिहिलंय.

राहिलं हिरवं पाणी. ते न लिहिणं ही लेखातली सगळ्यात मोठी उणीव होती. मी ते आधी तांब्याची पट्टी टाकलेल्या भांड्यात ओततो. चाचणीतून सुटलेलं सोनं, चांदी, प्लॅटिनम, पॅलेडियम तिथे तांब्यावर काळ्या भुकटीच्या रूपाने बसतं. तिथून पाणी लोखंडाच्या तुकड्यांवर जातं, तांबं खाली बसतं, निळा-हिरवा रंग जाऊन लोखंडाचा फिकट हिरवा राहतो. मग सामू (pH) ९ ते १० येईपर्यंत थोडा थोडा कॉस्टिक सोडा, ढवळत. लोखंड आणि उरलेले बहुतेक धातू गढूळ साक्याच्या रूपात बसतात. दोन दिवसांनी वरची निवळ वेगळी होते. साका वाळवून झाकणबंद डब्यात, डब्यावर आत काय आहे ते लिहून, घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे. निवळही तपासून घेतल्याशिवाय गटारात नाही. सध्या दोन कॅन भरलेले आहेत, एकावर ‘तांबं बाकी’ आणि एकावर ‘सामू बाकी’ असं लिहिलेलं आहे. या टप्प्यावर स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे. तो तयार झाला की आधी तुम्हाला पाठवू का? सामूच्या भागात, विशेषतः शिसं आणि जस्त सामू फार वाढला तर पुन्हा विरघळतात त्याबद्दल, मला तुमची नजर हवी आहे.