‘वेगवान संगणक मिळाला की कोणतंही एन्क्रिप्शन तुटतं’: हे खरं नाही

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: “अभेद्य एन्क्रिप्शन अस्तित्वातच नाही. सगळ्या किल्ल्या तपासल्या की एक लागतेच, प्रश्न फक्त वेगाचा. एनिग्मा तुटलं, डीईएस तुटलं, उरलेलं क्वांटम संगणक उघडेल. म्हणून आपली पद्धत गुप्त ठेवणं हाच खरा उपाय.” (एन्क्रिप्शन म्हणजे ‘किल्ली’ या गुप्त आकड्याच्या आधारे संदेश इतरांना वाचता येणार नाही असा करणं. एनिग्मा हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन सांकेतिक यंत्र, डीईएस ही संगणकावरची जुनी अमेरिकी मानक पद्धत, आणि क्वांटम संगणक म्हणजे क्वांटम भौतिकीच्या नियमांवर चालणारा वेगळ्या प्रकारचा संगणक.) हा मजकूर ऐकायला पटतो, म्हणूनच मला याची काळजी वाटते. हे वाचणारी मुलं उद्या लोकांची खासगी माहिती सांभाळणारी सॉफ्टवेअर लिहिणार आहेत.

“सगळ्या किल्ल्या तपासल्या की एक लागतेच.” पण लागली ती खरी, हे ओळखायचं कशावरून? खरी गोम इथेच आहे. समजा, संदेश तीन अंकांचा आहे. किल्लीही तीन अंकांची, पूर्णपणे यादृच्छिक (रँडम). अंकाखाली अंक मांडून बेरीज करायची आणि हातचा सोडून द्यायचा. शत्रूच्या हाती पडलं ५८२. किल्ली १७४ धरली तर संदेश निघतो ४१८. किल्ली ६०० धरली तर ९८२. किल्ल्या एकूण हजार; संगणक त्या डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासेल. हाती काय येईल? ००० पासून ९९९ पर्यंतचे सगळे संदेश, प्रत्येक अगदी एकदाच. शोधाआधी जेवढं ठाऊक होतं, तेवढंच शोधानंतर. वेग कितीही वाढवा, नसलेली माहिती त्यातून निघणार नाही.

अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे गणिताने सिद्ध केलं. अटी कडक आहेत: किल्ली यादृच्छिक हवी, संदेशाएवढी लांब हवी आणि एकदाच वापरायला हवी. शेवटची अट मोडली तर दोन गुप्तसंदेशांची वजाबाकी करताच किल्ली कटून जाते आणि मूळ संदेशांमधला फरक उघडा पडतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत बाजूने किल्लीची काही पानं दोनदा छापली होती. त्या चुकीमुळेच व्हेनोना प्रकल्पातल्या अमेरिकी विश्लेषकांना त्यांचे काही संदेश वाचता आले. एवढी लांब किल्ली आधी सुरक्षितपणे पोचवावी लागते, म्हणून ही पद्धत रोजच्या वापरात परवडत नाही. पण ‘अस्तित्वातच नाही’ हे विधान साफ चूक.

याची उलट बाजूही पाहा. रोमन लिपीतल्या प्रत्येक अक्षराऐवजी दुसरं अक्षर ठेवायचं, अशी साधी पद्धत घेतली तर किल्ल्या होतात २६ फॅक्टोरियल (२६ × २५ × २४ … × १), म्हणजे ४ वर २६ शून्यं एवढ्या. तरीही ती कागद-पेन्सिलीने सुटते, कारण भाषेत काही अक्षरं वारंवार येतात, काही क्वचित. अरब विद्वान अल-किंदी यांनी नवव्या शतकातच ही युक्ती मांडली होती. इंग्रजी मजकुराची सुमारे तीस अक्षरं मिळाली की अर्थपूर्ण वाचन तत्त्वतः एकच उरतं, असं शॅनन यांच्या हिशोबातून निघतं. म्हणजे किल्ल्यांची संख्या प्रचंड आहे एवढ्यावरही विसंबता येत नाही.

एनिग्माचं उदाहरण तर दाव्याच्या विरोधातच जातं. ते काही सगळ्या किल्ल्या तपासून तुटलं नाही. पोलिश गणितज्ञांनी १९३२ साली त्यात शिरकाव केला तो गणिताच्या आणि मिळालेल्या कागदपत्रांच्या बळावर. पुढे ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्रात यंत्राचा एक दोष कामी आला: कोणतंही अक्षर स्वतःमध्ये कधीच बदलत नसे.

डीईएस मात्र खरोखर किल्ल्या तपासूनच तुटलं, हे मान्य. १९९८ साली त्यासाठी बनवलेल्या यंत्राला सुमारे ५६ तास लागले. पण ती किल्ली ५६ बिटांची, म्हणजे ० किंवा १ अशा ५६ अंकांची होती, आणि प्रत्येक वाढीव बिटागणिक काम दुप्पट होतं. १२८ बिटांच्या किल्लीसाठी सेकंदाला १ वर १८ शून्यं एवढ्या किल्ल्या तपासल्या, तरी सगळ्या संपायला सुमारे १० लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आहे. डीईएसच्या जागी आलेल्या एईएस या पद्धतीला कधीच आडवाट सापडणार नाही, याची सिद्धता मात्र कोणाकडेही नाही. त्यावरचा विश्वास उभा आहे तो दोन दशकांहून अधिक काळ झालेल्या खुल्या तपासणीवर.

त्यामुळेच “पद्धत गुप्त ठेवा” हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. गुप्तता किल्लीत हवी, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, हे डच संकेततज्ज्ञ केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच लिहून ठेवलंय. जीएसएम या मोबाइल यंत्रणेच्या फोनमधली ए५/१ ही एन्क्रिप्शनची पद्धत गुप्त ठेवली होती. १९९९ पर्यंत फोनमधूनच उलगडून ती पूर्ण बाहेर आली आणि तिच्यातले कच्चे दुवेही उघड झाले. एईएस मात्र जाहीर स्पर्धेतून निवडलं गेलं, आणि त्याआधी जगभरच्या तज्ज्ञांनी ते मोडायचा कसून प्रयत्न केला होता.

राहिला क्वांटम संगणक. शोर यांचा १९९४ चा अल्गोरिदम पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकावर आरएसए, म्हणजे एक किल्ली जाहीर आणि दुसरी गुप्त ठेवणारी पद्धत, मोडेल, हे खरं. एईएसवर मात्र ग्रोव्हर यांच्या क्वांटम शोधपद्धतीने फार तर किल्लीची लांबी निम्मी झाल्यासारखी होते. २५६ बिटांची किल्ली तेव्हाही १२८ बिटांएवढी ताकद राखते. आरएसएची जागा घेणाऱ्या पद्धतींची पहिली मानकं अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्धही केली. घाई आहे ती वेगळ्याच कारणाने: आज पाठवलेले संदेश कोणी साठवून ठेवले, तर असा संगणक तयार झाल्यावर ते उघडता येतील. जी माहिती वीस-तीस वर्षं गुप्त राहायला हवी, तिच्यासाठी बदल आत्ताच करायला हवा.