सौरशीड, लघुग्रह आणि ती 'फुकट'वाली रील

आज पुन्हा ती रील. 'ना इंधन, ना खर्च, उन्हावर चालणारं यान थेट लघुग्रहावर!' खाली लाइक करणाऱ्यांत आपलीच माणसं, चांगलं गणित येणारी. डोकं फिरलं.

थेट म्हणे! नासाचं निआ स्काउट घ्या, लघुग्रहाकडे पाठवलेलं छोटं यान. सौरशीड म्हणजे उन्हाचा दाब झेलून यानाला ढकलणारा, आरशासारखा पातळ पडदा. 86 चौरस मीटरचं शीड, वजन साधारण 14 किलो. पृथ्वीजवळ अगदी आदर्श आरशावरही प्रकाशाचा दाब दर चौरस मीटरला जेमतेम 9 मायक्रोन्यूटन. म्हणजे शीड सूर्यासमोर सपाट धरलं तरी दिवसभरात वेग बदलणार सेकंदाला पाच मीटरहून कमी. तेही सूर्यापासून दूर ढकलणारा जोर, त्याचा फारसा उपयोग नाही. कक्षा मोठी किंवा लहान करायची तर शीड सुमारे 35 अंश तिरकं धरायचं. मग प्रवासाच्या दिशेने किंवा तिच्या उलट जोर मिळतो, पण कमाल जोराच्या 38 टक्केच. सूर्याकडे ओढणारा जोर तर कुठल्याच कोनात नाही.

त्यामुळे मार्ग आखायचा म्हणजे कुठल्या दिवशी किती अंश, याचं वेळापत्रक करायचं. आधी पृथ्वीशी मिळतीजुळती, कमी कलाची (म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीपासून फार न कललेली) कक्षा असलेले लघुग्रह चाळायचे. मग साध्या नियमाने कच्चा मार्ग काढून तो ऑप्टिमायझरला, म्हणजे सगळ्यात चांगला मार्ग शोधणाऱ्या प्रोग्रामला, द्यायचा. नवखे इथेच फसतात: मॉडेलमध्ये आदर्श आरसा ठेवतात. खऱ्या शिडाला सुरकुत्या असतात, थोडा प्रकाश ते शोषून घेतं, आणि जोर हव्या त्या दिशेला पडत नाही. संपर्कासाठी यान वळवावं लागलं की तेवढे तास बिनजोराचे.

आणि 'इंधन नाही'? शीड ढकलायला लागत नाही, मान्य. पण जोराचा मध्य आणि वस्तुमानाचा मध्य यांत एक सेंटिमीटर फरक पडू द्या. निआ स्काउटएवढ्या शिडावर पावणेआठ मायक्रोन्यूटन-मीटरचा पीळ बसतो. 0.015 न्यूटन-मीटर-सेकंद क्षमतेचं छोटं रिअॅक्शन व्हील (पीळ शोषत वेग घेणारं, यान स्थिर ठेवणारं चाक) अर्ध्या तासात भरलं! ते रिकामं करायला कोल्ड गॅस, म्हणजे टाकीतला दाबलेला वायू सोडायचा, आणि तो मोजकाच. म्हणून त्या यानात वस्तुमान इकडेतिकडे सरकवणारी यंत्रणाच बसवली होती. रीलमध्ये ती कुठेय?

कुणीतरी लगेच इकारोस आणणार. हो, 2010 साली जपानचं इकारोस शुक्राजवळून गेलं, शिडाने वेग बदलतो हेही दाखवलं. पण शुक्राच्या वाटेला ते रॉकेटनेच लावलं होतं.

राग खरा त्या 'शीड फेल गेलं' कमेंटींचा आहे. निआ स्काउट नासाच्या आर्टेमिस-1 या चांद्रमोहिमेच्या रॉकेटवर दुय्यम प्रवासी होतं, तारीख त्याच्या हातात नव्हती. उड्डाण महिनाभर सरकलं की पृथ्वी कक्षेत तीस अंश पुढे जाते, आणि एवढासा जोर ते अंतर भरून काढू शकत नाही. आधीचं लक्ष्य 1991 व्हीजी सोडून 2020 जीई घ्यावं लागलं. हा लघुग्रह 18 मीटरहूनही लहान, आणि त्याच्याजवळून सेकंदाला 30 मीटरहून कमी वेगाने जायचं होतं. एवढ्या संथपणे! काय सुंदर आखणी होती ती. 16 नोव्हेंबर 2022ला उड्डाण झालं, पण यानाशी संपर्कच झाला नाही. शिडाची परीक्षा झालीच नाही हो, नापास कुठून होणार?

कॉलेजच्या क्यूबसॅट (छोटा उपग्रह) टीममधलं कुणी वाचत असेल तर उड्डाणाच्या प्रत्येक संभाव्य महिन्यासाठी वेगळं लक्ष्य काढून ठेवा. आणि शीड उघडायला आठवडा उशीर झाला, जोर दहा टक्के कमी पडला, तरी पोचतो का, हे आधी चालवून बघा. नाही पोचत? लक्ष्य बदला, ऑप्टिमायझरशी भांडू नका.