लिंबू माहीत होतं

परवा संध्याकाळी आमच्या वाडीतले एक गृहस्थ फोन हातात धरूनच ओटीवर आले. त्यांचा मुलगा जहाजावर आहे, पहिलंच कॉन्ट्रॅक्ट. फोन स्पीकरवर होता. “काका, दोन महिने जहाज नांगरावर उभं आहे. कंपनीने पैसे थकवलेत, त्यामुळे चँडलर (जहाजाला शिधा पुरवणारा व्यापारी) माल देत नाही. तांदूळ आहे, डाळी आहेत, पीठ आहे. ताजं काही खाऊन सहा आठवडे झाले. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतंय.” बावीस वर्षांचं पोर. आवाज अगदी खाली, जणू रक्त येतंय यात त्याचीच काही चूक आहे.

मी सव्वीस वर्षं जहाजांवर स्वयंपाक केला. जुन्या सारंगांच्या तोंडी आम्ही भंडारी, कागदावर चीफ कुक. त्या मुलाला काय सांगितलं ते पुढे येईलच. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

स्कर्व्ही आपण सगळ्यांनी शाळेत घोकलीय. क जीवनसत्त्वाचा अभाव, एक मार्क. चाच्यांच्या गोष्टींत ती दात पडलेल्या म्हाताऱ्या खलाशाच्या रूपाने येते आणि मुलं हसतात. मला हसू येत नाही. औषध सापडत नव्हतं म्हणून माणसं मेली, असं जे सांगतात ते मला मुळीच मान्य नाही. औषध पुन्हा पुन्हा सापडलं होतं. ते विकत घेऊन खलाशाच्या तोंडात घालावं इतकी त्याची किंमत कुणाला वाटली नाही.

आपल्याच किनाऱ्यावरून सुरुवात करतो. कारवारसमोर अंजदीव बेट आहे, आज ते गोव्यात मोडतं. ऑक्टोबर १४९८ च्या सुरुवातीला वास्को द गामाने तिथून परतीसाठी नांगर उचलला. आपला कुठलाही तांडेल त्याला म्हणाला असता, बाबा रे, थांब. पावसाळी वारं पडलेलं, ईशान्येचं अजून धरलेलं नाही. येताना आफ्रिकेतल्या मालिंदीहून वाटाड्या घेऊन आला, तेव्हा महिन्याच्या आत समुद्र ओलांडला होता. जाताना त्याच पाण्याला जवळजवळ तीन महिने लागले. शिडं लोंबकळत राहिली आणि माणसांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या. वाटेत तीसएक जण गेले. एकेका जहाजावर धड उभे राहणारे सात-आठच उरले. जानेवारी १४९९ मध्ये मालिंदी गाठली, आणि पुढे तीन जहाजं चालवायला हात नाहीत म्हणून एक जाळून टाकलं.

त्या ताफ्यातल्या एकाची रोजनिशी शिल्लक आहे. तिच्यात मालिंदीला पोचल्यावरची एक साधी नोंद आहे: किनाऱ्यावरून संत्री मागवली, आजाऱ्यांना त्यांची फार ओढ होती. मरायला टेकलेली माणसं स्वतः संत्री मागत होती. आजाऱ्याला काय हवंय ते त्याच्या जिभेला कळतं, हे आपली आजी सांगायची. इंग्लंडच्या आरमाराने लिंबाचा रस खलाशांच्या शिध्यात घातला तो १७९५ मध्ये. मधे जवळजवळ तीनशे वर्षं गेली.

या आजारात आत काय होतं, तेही सांगतो. आपल्या शरीरात मांस, कातडी, हाडं, रक्तवाहिन्या यांना धरून ठेवणारा कोलॅजन नावाचा दोरा असतो. क जीवनसत्त्वाशिवाय तो नीट वळला जात नाही. शेळी ते स्वतःच्या अंगात बनवते, उंदीरसुद्धा बनवतो. माणसाला जमत नाही, खावंच लागतं. दोन-तीन महिने मिळालं नाही की दोरे सुटायला लागतात. आधी नुसता थकवा येतो, आणि त्या दिवसांत खलाशाला आळशी म्हणून फटके बसायचे. मग पायांवर जांभळे डाग, काळ्या पडलेल्या हिरड्या, तोंडाला घाण वास, हलणारे दात. शेवटी जुन्या जखमा उघडतात, कारण भरलेला व्रणसुद्धा शरीर रोज नव्याने शिवत असतं.

याचा मला सगळ्यात लागलेला दाखला १७४० सालचा आहे. इंग्रज सेनानी जॉर्ज अँसन सहा युद्धनौका घेऊन स्पेनच्या जहाजांवर चाल करून निघाला. माणसं कमी पडली, म्हणून चेल्सीच्या इस्पितळातले पाचशे म्हातारे, जखमी पेन्शनर सैनिक त्याला द्यायचं ठरलं. ज्यांना चालता येत होतं ते पळून गेले. उरलेल्या अडीचशेच्या वर लोकांना जहाजावर चढवलं. त्यांच्यातल्या एकाला पन्नास वर्षांपूर्वी, १६९० मध्ये, आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत जखम झाली होती. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या बाजूला, स्कर्व्हीने ती जखम पुन्हा उघडली, आणि कधीच सांधलेलं हाड पुन्हा सुटलं. त्या मोहिमेवर सुमारे १९०० माणसं निघाली होती. शत्रूच्या हातून मेले चार, आजाराने तेराशेहून जास्त, त्यातले बरेचसे स्कर्व्हीने. परतल्यावर लुटीचा खजिना ३२ गाड्यांत भरून लंडनमधून मिरवला.

खात काय होते? त्या काळच्या इंग्रजी आरमाराचा शिधा मी भंडाऱ्याच्या नजरेने वाचतो. माणशी रोज एक पौंड बिस्किट, विटेसारखं कडक, आपटून आतले किडे पाडायचे आणि खायचं. रोज एक गॅलन बिअर, कारण पिपातलं पाणी हिरवं पडायचं. आठवड्याला चार पौंड खारवलेलं गोमांस, दोन पौंड डुकराचं, शिवाय वाटाणे, ओट, थोडं लोणी आणि चीज. आठवड्यातले तीन दिवस बिनमांसाचे, आणि त्या दिवसांना ते ‘बनियन डे’ म्हणत, आपल्याकडच्या शाकाहारी वाणी व्यापाऱ्यांवरून. म्हणजे सुरतेचा वाणी त्यांच्या बोलीत जाऊन बसला, पण त्याच्या ताटातली भाजी आणि लिंबू त्यांच्या पिपात आलं नाही. पोट भरायचं यात शंका नाही. भूक हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हताच. झोपायला माणशी १४ इंच रुंदीची झोळी टांगायला जागा, ओले कपडे, वर पहारा. १७४० मध्ये अ‍ॅडमिरल व्हर्ननने रममध्ये पाणी मिसळून द्यायचा हुकूम काढला. त्यात म्हटलंय, काटकसरी खलाशांनी आपल्या वाट्याचं मांस आणि बिस्किट वाचवून त्यातून साखर आणि लिंबू विकत घ्यावं. चवीसाठी! लिंबू हवं तर पोट मारून घे.

आणि लिंबाचं त्याआधीच कळलं होतं. १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीत जेम्स लँकेस्टरने आपल्या जहाजावर प्रत्येकाला सकाळी अनशापोटी तीन चमचे लिंबाचा रस दिला. त्याची माणसं टिकली. सोबतच्या तीन जहाजांवर खलाशी इतके खचले, की व्यापाऱ्यांना स्वतः सुकाणू धरावं लागलं आणि शिडं उतरवायला डोलकाठीवर चढावं लागलं. ज्यांनी पैसा लावला होता त्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं. तरी नियम झाला नाही.

मग १७४७ मध्ये जेम्स लिंड हा जहाजावरचा डॉक्टर. त्याने ‘सॉल्सबरी’ जहाजावरचे बारा आजारी एकत्र ठेवले, सगळ्यांना सारखं जेवण दिलं आणि दोघादोघांना वेगवेगळं औषध: सायडर (सफरचंदाचा आंबवलेला रस), पातळ केलेलं गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, लसूण-मोहरीची गोळी, आणि शेवटच्या जोडीला रोज दोन संत्री, एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली. तेवढ्यात त्या दोघांतला एक कामावर उभा राहिला. सायडरवाल्यांना थोडा आराम पडला, बाकीचे होते तसेच. इतकं स्वच्छ उत्तर मिळूनही पुढे अठ्ठेचाळीस वर्षं गेली. डॉक्टरांच्या डोक्यात तेव्हा दूषित हवा, आंबलेलं रक्त अशा कल्पना होत्या हे खरं. पण खुद्द लिंडने एक सल्ला दिला तो वाचून माझा जीव कळवळतो. रस टिकावा म्हणून तो तापवून, आटवून बाटल्यांत भरा. आटवला की औषध बरंचसं गेलंच. आपल्या घरात लिंबाची फोड ताटाच्या डाव्या बाजूला येते आणि वरण पानात पडल्यावर पिळतात. उकळत्या पातेल्यात कुणी पिळत नाही. त्या माणसाने एखाद्या स्वयंपाकघरात डोकावायला हवं होतं.

आता चाच्यांकडे येतो. स्कर्व्ही त्यांनाही व्हायची. पण कॅरिबियनचे चाचे बहुधा बेटांच्या आसऱ्याने फिरायचे, तळ घासायला जहाज वाळूवर ओढायचे, तेव्हा कासव, फळं, गोडं पाणी मिळायचं. १७२० च्या सुमाराला बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजाचे लेखी नियम होते. पहिल्याच कलमात प्रत्येकाला मत, आणि हाती लागलेल्या ताज्या अन्नावर प्रत्येकाचा सारखा हक्क. हात किंवा पाय गेला तर भरपाई. १७१८ मध्ये ब्लॅकबिअर्डने चार्ल्सटन बंदर अडवून धरलं आणि खंडणी मागितली ती औषधांच्या पेटीची. ही माणसं क्रूर होती, मी त्यांची पूजा करत नाही. पण ताजं अन्न सगळ्यांना सारखं, हे त्यांनी कागदावर लिहिलं, आणि राजाच्या आरमाराने लिहिलं नाही. (कान्होजी आंग्र्यांना मात्र या यादीत कुणी घालू नका. इंग्रजांनी त्यांना चाचा लिहिलं. ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, आपल्या पाण्यात दस्तक (परवाना) मागत होते.)

आजार समुद्राचा नाही, याचा पुरावाही आपल्याच लोकांचा आहे. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये कूतच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. मराठा पलटणी तिच्यात होत्या. गोऱ्यांनी घोड्याचं ताजं मांस खाल्लं. आपल्यातल्या बहुतेकांनी धर्माला स्मरून बरेच दिवस नाकारलं. हिंदी सैनिकांत हजारावर लोकांना स्कर्व्ही झाली, टिग्रिस नदीच्या काठी, जमिनीवर. त्याच युद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कोरड्या डाळीत नसलेलं औषध मोड आलेल्या कडधान्यात तयार होतं. आपली उसळ!

मी ते जहाजावरच शिकलो. एका लांबलेल्या मुक्कामात आमचा कांदा-बटाटासुद्धा संपला, तेव्हा एका म्हाताऱ्या सुकाण्याने मला मूग भिजत घालायला लावले.

आज मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने २०१५ मध्ये मान्य केलंय. जहाजावर पुरेसं, चांगलं अन्न फुकट मिळणं हा खलाशाचा हक्क आहे. तरी मालक पैसे अडवतो आणि पोरं नांगरावर कुजत राहतात. त्या मुलाला मी म्हटलं, लाजू नकोस. दाताचे फोटो काढ, तारीख टाक, रेशनची यादी लिही आणि युनियनला व डीजी शिपिंगला (सरकारच्या जहाज खात्याला) मेल कर. कॅप्टनला लेखी दे. आणि आजच गॅलीत जा, तुमच्या कुकला माझं नाव सांग. मूग रात्रभर भिजव, ओल्या फडक्यात घट्ट बांध, इंजिनरूमच्या दाराजवळ उबेला टांग. मोड आले की शिजवू नका, मीठ लावून कच्चे खा. सगळ्यांना द्या, मोजून, सारखे.

काल रात्री त्याचा फोटो आला. स्टीलच्या ट्रेमध्ये निळं फडकं उलगडलेलं, मुगाला बोटाच्या पेराएवढे पांढरे मोड. खाली लिहिलं होतं, “काका, एकोणीस वाट्या झाल्या.”

भाजीची बोट अजून आलेली नाही.