‘भोकांची नळी काढा, फोम लांब जाईल’ म्हणे!

माझा मावसभाऊ एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत स्टोअर सांभाळतो. परवा त्याने आग विझवायच्या फोमबद्दलचा, ‘फोम नोझलचं लपवलेलं सत्य’ नावाचा फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “दादा, आपल्या ब्रँचच्या नळ्या काढून साधे जेट लावून टाकू का? साहेब पण हो म्हणतायत.” (ब्रँच म्हणजे होजच्या टोकाला लावायची फोमची नळी, जेट म्हणजे सरळ धार सोडणारं साधं नोझल.) हा मजकूर मी आधीही पाहिला होता आणि सोडून दिला होता. आता तो इथेनॉलच्या टाक्यांपाशी पोचलाय, म्हणून लिहितोय. सगळ्या मुद्द्यांना सारखा वेळ देणार नाही, तेवढी त्यांची लायकी नाही.

पहिला दावा: “फोम ब्रँचच्या भोकांतून दाब गळतो. नळी काढून जेट लावा, मारा दुप्पट लांब जाईल.”

त्या भोकांतून बाहेर काही गळत नाही, आत हवा ओढली जाते. पाणी आणि कॉन्सन्ट्रेटचं (ड्रममधल्या फोमच्या मूळ द्रावाचं) मिश्रण आतल्या बारीक छिद्रातून वेगाने सुटतं, त्या ओढीने हवा येते आणि पुढच्या नळीत घुसळून फोम होतो. नळी काढलीत की मारा लांब जाईल हे खरं, पण जाईल ते पांढरट पाणी. प्रोटीन फोम तर हवेशिवाय फोमच नाही.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. एएफएफएफ जातीचा फोम पेट्रोल-डिझेलवर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरवतो, त्यामुळे तो पाण्याचा फवारा मारणाऱ्या साध्या फॉग नोझलनेही बऱ्यापैकी चालतो. विमानतळावरच्या गाड्या तो तसा वापरत आल्या आहेत. पण हा पापुद्रा इथेनॉलवर टिकत नाही. शिवाय ही करामत ज्या फ्लोरिनयुक्त रसायनांची, त्यांतल्या पीएफओएसवर 2009 मध्ये आणि पीएफओएवर 2019 मध्ये घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराने बंधनं आणली. फ्लोरिनमुक्त फोमला असा पापुद्रा नसतो, त्याची सगळी भिस्त हवेच्या बुडबुड्यांवर. म्हणजे भोकांची गरज वाढतेय आणि हे महाशय ती बुजवायला सांगतायत.

दुसरा दावा सगळ्यात घातक: “आगीच्या मधोमध, पूर्ण जोरात मारा.”

पेटलेल्या द्रवात फोम जोरात घुसवला तर तो बुडतो, इंधन अंगाला लावून वर येतो आणि स्वतःच पेटतो. जळतं इंधन उडून बाहेर पडतं ते वेगळंच. फोम हलक्या हाताने घालायचा असतो. आगीच्या अलीकडे जमिनीवर मारून पुढे सरकू द्यायचा, नाहीतर डाइकच्या (टाकीभोवतीच्या बांधाच्या) भिंतीवर किंवा टाकीच्या आतल्या पत्र्यावर आपटून खाली ओघळू द्यायचा, तेही जमत नसेल तर उंचावरून पावसासारखा पाडायचा.

इथेनॉलच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. अल्कोहोल फोममधलं पाणी शोषून घेतं आणि साधा फोम बघता बघता विरतो. म्हणून अल्कोहोल-रेझिस्टंट फोम लागतो. त्यातलं पॉलिमर अल्कोहोलला भिडलं की चिवट पडदा होतो आणि त्या पडद्यावर वरचा फोम तरतो. जेटने तो पडदा फाडायचा आणि मग फोम नकली होता म्हणून पुरवठादाराशी भांडायचं, असा हा सल्ला आहे. आणि “पाणी ओतून पातळ करू” म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, निम्मं पाणी असलेलं अल्कोहोलही पेटतं.

एनएफपीए 11 हे फोमसाठी जगभर वापरलं जाणारं मानक आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की 9 मीटरपेक्षा जास्त व्यासाच्या किंवा 6 मीटरपेक्षा उंच, स्थिर छपराच्या टाकीसाठी हातातली फोमची लाइन हा मुख्य उपाय धरायचाच नाही. तिथे टाकीवर बसवलेले फोम पोअरर, म्हणजे आत हळूच फोम ओतणारी तोंडं लागतात. कारखान्यातल्या टाक्या मोजून बघा, म्हणजे जेट की नळी हा वाद मुळात कुठे लागू आहे ते कळेल.

“20 लिटरचा एक कॅन पुरे.” हिशोब करू. आपल्याकडची नेहमीची एफबी-5एक्स ब्रँच मिनिटाला सुमारे 225 लिटर मिश्रण सोडते. 3 टक्क्यांनी कॉन्सन्ट्रेट लागलं पावणेसात लिटर, म्हणजे कॅन तीन मिनिटांत खलास. अल्कोहोलसाठी 6 टक्के लागत असेल तर दीड मिनिटात. सांडलेल्या पेट्रोलसारख्या इंधनावर एएफएफएफ असेल तर एनएफपीए 11 दर चौरस मीटरला मिनिटाला 4.1 लिटर मिश्रण मागतं, प्रोटीन फोमला 6.5, आणि तेही 15 मिनिटं. 50 चौरस मीटरच्या सांडीला एएफएफएफ घेऊन एक ब्रँच जेमतेम पुरते, प्रोटीन घेऊन पुरत नाही. 15 मिनिटांचे 3 टक्क्यांनीच शंभर लिटर होतात. आकड्यांशी यांचं काय वैर आहे कळत नाही.

“भांड्यांचा साबणही चालतो.” कापसाच्या गाठी किंवा लाकूड धुमसत असेल तर पाण्यात साबणासारखं द्रव्य मिसळल्याने पाणी आत मुरतं, एवढं खरं. विदर्भातल्या जिनिंगवाल्यांनी हवं तर तेवढं घ्यावं. पेटलेल्या तेलावर साबणाचा फेस उष्णतेने फुटतो, विषय संपला.

“जितका फेस जास्त तितकं चांगलं.” 200 पटींहून जास्त फुगणारा फोम तळघरात किंवा बंद गोदामात कोंडून भरायला उत्तम. उघड्यावर तो वाऱ्याने उडून जातो. 20 ते 200 पटींचा मधला फोम डाइकमध्ये कामाचा, पण त्याची फेक अगदी जवळची. उघड्या टँक फार्मवर 20 पटींच्या आतलाच बरा.

इलेक्ट्रिक पॅनेल आणि गळणारा गॅस सिलिंडर यांवरही म्हणे हाच फोम मारा. फोममध्ये पाणी असतं आणि पाण्यातून करंट येतो. दाबाने सुटणाऱ्या गॅसवर फोम ठरत नाही, तिथे आधी व्हॉल्व्ह बंद करायचा असतो.

मावसभावाला मी तीन गोष्टी वाचून फोटो पाठवायला सांगितलं आहे: ड्रमवर अल्कोहोल-रेझिस्टंट लिहिलंय का आणि किती टक्के, इंडक्टरवर (पाण्यात कॉन्सन्ट्रेट ओढून मिसळणाऱ्या उपकरणावर) मिनिटाला किती लिटर, ब्रँचवर किती लिटर. इंडक्टर 450 चा आणि ब्रँच 225 ची असेल तर मागचा दाब वाढून कॉन्सन्ट्रेट ओढलंच जात नाही, नळीतून नुसतं पाणी येतं. जेटचं बघू नंतर.